दादाची पावलं

३ मार्च

वहिनी,

घरी पोचले. बॅग अजून उघडलेली नाही, पण आधी हे पत्र. तू म्हणशील, दहा दिवस डोकं खाऊन गेली आणि आता कागदावरही सोडत नाही. नाहीच सोडणार.

फोनवर का नाही, तर फोन केला की दादा शेजारच्या खुर्चीत कान टवकारून बसतो आणि तू "हो वन्सं, बरं वन्सं" यापलीकडे जात नाहीस. शिवाय मीही माझ्या फोनला जरा लगाम घालायचं ठरवलंय. दिवसभर दवाखान्यात पेशंटांना "उठा, चाला" म्हणायचं, शिकाऊ पोरींना फिजिओथेरपी शिकवायची, आणि घरी येऊन स्वतः तीन तास फोन घेऊन लोळायचं, हे काही खरं नाही. म्हणून पत्र. उत्तर टाकायला दादाला पाठव. पेटी कोपऱ्यावर आहे, जाऊन-येऊन चारशे पावलं होतात, मी मोजलीत.

त्याच्या फोनवर जे ॲप बसवलंय ते परत एकदा सांगते, कारण तेव्हा तू स्वयंपाकघरातून अर्धंच ऐकलंस. चाळीस मिनिटं बसून झालं की ते वाजतं. मग त्याचा फोन आणि टेबलावरचा कॉम्प्युटर दोन्ही बंद पडतात, आणि फोन जवळ घेऊन दीडशे पावलं चालल्याशिवाय उघडत नाहीत. नुसतं उभं राहून चालत नाही. दिवसभरात किती चालला तो आकडा रोज संध्याकाळी सातला माझ्या फोनवर येतो. म्हणजे आता मी इथे बसून त्याच्यावर नजर ठेवणार. उंटावरून शेळ्या हाकतेय म्हण हवं तर.

पण वहिनी, हे तू मनावर घे. मागच्या वर्षी त्याच्या पोटरीत रक्ताची गाठ धरली, ती सहा महिन्यांच्या गोळ्यांनी विरघळली. गोळ्या बंद करताना डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. बसणं कमी झालं नाही तर परत होईल, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर काही करायला वेळसुद्धा मिळत नाही. बाबा असेच गेले, खुर्चीत. तेव्हा आम्हाला त्या आजाराचं नावही माहीत नव्हतं. मला एकच भाऊ आहे.

लिही.

तुझी नणंद

१२ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. हे उत्तर पेटीत मीच टाकते आहे, कारण यांना आज नकाशे पाठवायचे आहेत. तसे ते रोजच पाठवायचे असतात.

तुमच्या ॲपचं यांनी नाव ठेवलंय, उठाठेव. त्यातली ती बाई दर चाळीस मिनिटांनी गोड आवाजात "चला, पाय मोकळे करू या" म्हणते ना, तिला हे सासूबाई म्हणतात. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दोनदा दारापर्यंत जाऊन आले, तिसऱ्यांदा मला म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा वाटलं होतं, आता मागे लागणारं कुणी नाही." हसले आणि परत बसले.

चौथ्या दिवशी मात्र तंत्र बिघडलं. बत्तीस मजली इमारतीचं काम आलंय, पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या पाइपांचे नकाशे यांनीच काढायचे. ऑफिसने भाड्याचा मजला सोडून दिल्यापासून बैठकाही कॉम्प्युटरवरच होतात, ते तुम्ही बघितलंतच. सातजण समोर, हे एकविसाव्या मजल्याचं समजावून सांगताहेत, आणि मध्येच सगळं बंद. केवढे चिडले. मला म्हणाले, बहिणीने माझ्या पोटावर पाय आणला. मग कसंबसं उघडलं एकदाचं.

आकडे तुम्हाला कळतातच. मी सांगून बघते, पण तुमच्या भावापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते काही वाईट नाहीत हो. कामात बुडाले की त्यांना स्वतःला पाय आहेत हेच आठवत नाही.

तुमची वहिनी

२१ मार्च

वहिनी,

आकडे रोज बघते. अकराशे चाळीस. तेराशे पाच. काल नऊशे ऐंशी. माझ्याकडे गुडघे बदललेली ब्याऐंशी वर्षांची बाई आहे, ती याच्यापेक्षा जास्त चालते, आणि वर मला शिव्याही देते.

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. तू त्याला फार लाडावून ठेवलंयस. पाणी टेबलावर, चहा टेबलावर, चष्मा हातात. मग तो कशाला उठेल? मी इथून किती बघणार? तू तर घरातच असतेस, चोवीस तास त्याच्या समोर. तुला दुसरं काय आहे? एवढं एक काम मनापासून कर.

एप्रिल संपेपर्यंत असंच चाललं तर मी डॉक्टरांना सांगून गोळ्या परत सुरू करायला लावणार आहे. त्या गोळ्यांनी मागच्या वेळी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते आठवतंय ना? आणि महिन्याची रजा काढून येऊन बसेन. कानाला धरून उठवीन त्याला. मला झोप लागत नाही गं. डोळे मिटले की बाबांची खुर्ची दिसते.

तुझी नणंद

२ एप्रिल

(पत्ता घातलेलं, न टाकलेलं)

वन्सं,

आज संध्याकाळी यांच्या फोनवर तुमचा निरोप आला. "शाब्बास दादा. आठ हजार दोनशे. डोळ्यांत पाणी आलं." यांनी तो मोठ्याने वाचला आणि मला म्हणाले, "घे, तुला शाब्बास म्हणतेय."

ती पावलं माझी आहेत.

कसं झालं ते सांगते. त्या बैठकीच्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा यांनी खुर्चीतूनच फोन माझ्या हातात कोंबला आणि खुसफुसत म्हणाले, "पळ जरा, याला फिरवून आण." घरात कुत्रं नाही, पण फोन फिरवून आणायची वेळ आली. मी स्वयंपाकघरात चकरा मारल्या, कॉम्प्युटर उघडला, यांनी सात माणसांची माफी मागून एकविसावा मजला पुढे सुरू केला. त्यानंतर वाजलं की हाक यायची, "अगं, उघड." दिवसातून दोनतीनदा. तुम्हाला जे अकराशे-तेराशे दिसत होते त्यातलेही निम्मे माझेच होते.

मग तुमचं पत्र आलं. तुला दुसरं काय आहे, असं लिहिलंत. ते मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्याबरोबर यांचा फोन गाऊनच्या खिशात घातला. रागाने घातला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, मला दुसरं काय आहे ते कळू दे एकदा. साडेपाचला पाणी भरणं, केर, गच्चीवर कपडे, खाली कचरा, बाजार, वर परत, यांचा चहा, यांचं पाणी, यांचा चष्मा, भांडी, परत गच्ची. संध्याकाळी बघितलं तर सात हजार नऊशे. उंबऱ्याच्या आत अठ्ठावीस वर्षं चालतेय, आणि कुणी कधी मोजलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

नाव त्यांचं असलं तरी शाब्बासकी मला मिळाली. या घरात आले तेव्हापासून तुमच्याकडून आलेली ही पहिली. मी तो निरोप हे झोपल्यावर परत काढून वाचला, एवढी मी वेडी आहे.

हे थांबवायला हवं ते मला कळतं. यांना म्हटलं, तर म्हणतात, "ही इमारत संपू दे, मग रोज चालतो. तोवर तू चाल. अर्धांगिनीच ना?" यांच्या विनोदावर मला हसू येतं हाच माझा शाप आहे. पण मला भीती वाटते, वन्सं. माझ्या पायांनी यांचं रक्त थोडंच फिरणार आहे?

उद्या हे टाकते.

तुमची वहिनी

३ एप्रिल

वन्सं,

तुमचा निरोप वाचून यांना फार आनंद झाला. हे आता बरे चालतात. तुम्ही काळजी करू नका. गोळ्यांचंही एवढ्यात डॉक्टरांकडे काढू नका, हिरड्यांचा त्रास यांना आठवला तरी जेवण जात नाही. इमारतीचे नकाशे आता चोविसाव्या मजल्यापर्यंत आलेत. घाईत लिहितेय, गच्चीवर कपडे आहेत.

तुमची वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

मी तुला त्या पत्रात नको ते लिहिलं. आता शब्द मागे घेते. तू काय जादू केलीस ते मला सांगच. काल अकरा हजार सहाशे! आणि सुरुवात पहाटे पाच पस्तीसला. दादा? जन्मात आठच्या आधी ज्याला आईने उठवून दाखवलं नाही तो? मी आमच्या पोरींना वर्गात त्याचा आलेख दाखवला. म्हटलं, बघा, सत्तावन्न वर्षांचा माणूस, दिवसभर बसून नकाशे काढणारा, एका महिन्यात कुठून कुठे गेला. घरचं माणूस खंबीर असलं की असं होतं, हेही सांगितलं.

आलेख डॉक्टरांनाही पाठवला. ते म्हणाले, असं चालणं असेल तर गोळ्या परत सुरू करायची काही गरज नाही, आणि मे महिन्यातली तपासणीही पुढे ढकलली तर चालेल. म्हणून मीही रजा रद्द केली. आता पावसाळ्यानंतर निवांत येईन.

तुलाही एक ॲप बसवून देऊ का? तुझं वजन मागच्या वेळी मला जरा वाढलेलं वाटलं. त्याच्याबरोबर तूही पहाटे जात जा. घरात बसून बसून सांधे धरतात.

आज किती महिन्यांनी झोप लागली म्हणून सांगू.

तुझी नणंद

२७ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र दहा दिवस उशाशी आहे. उत्तर लिहायला बसते आणि उठते.

मला ॲप नको. माझं चालणं बरं आहे.

एक सांगायचं होतं. डॉक्टरांना म्हणावं, त्या आकड्यांवर फार विसंबू नका. यंत्र आहे ते, चुकतं. मागे आमच्या गॅसवाल्याचं मीटर दुप्पट दाखवत होतं. तपासणी पुढे ढकलण्यापेक्षा मे महिन्यातच झाली तर काय वाईट? आणि तुम्ही रजा रद्द केलीत ते मला आवडलं नाही. याच तुम्ही. आल्यात तर बरं होईल. काम काही नाही, सहजच.

हे ठीक आहेत. एकोणतिसावा मजला चालू आहे. वरचे तीन मजले वेगळे आहेत म्हणून रविवारीसुद्धा बसतात. परवा बायको म्हणून हक्काने म्हटलं, की आज फोन मी घेणार नाही, तुम्हीच... म्हणजे फोन बाजूला ठेवून जरा माझ्याशी बोला. तर म्हणाले, तीन मजले फक्त, मग आयुष्यभर बोलू.

येताय का ते कळवा.

तुमची वहिनी

६ मे

वहिनी,

दुपारी फोनवर बोललो तेच परत लिहून पाठवतेय, म्हणजे तुझ्याजवळ कागद राहील आणि तो "मी ऐकलंच नाही" म्हणणार नाही.

डावी पोटरी सुजलीय, दुखतेय, हाताला गरम लागते. मी तू बोलत असतानाच त्याचे आकडे उघडून बघत होते. रविवारी तेरा हजार चारशे, सोमवारी बारा हजार नऊशे. अगं, ज्याने आयुष्यात पाय हलवला नाही त्याने महिन्याभरात एवढं वाढवलं तर स्नायू बोंबलणारच. माझ्याकडे रोज दोन असे येतात. घाबरू नकोस. तीन दिवस बाहेर फिरणं पूर्ण बंद. पाय उशीवर. ॲप वाजलं तर घरातल्या घरात तेवढी दीडशे पावलं, हळू, बास. उगाच हौसेने कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाऊ देऊ नकोस. तीन दिवसांत उतरलं नाही तर बघू.

तू फोनवर काहीतरी सांगायला लागली होतीस आणि मध्येच थांबलीस. तो शेजारी असेल. पत्रात लिही. तुझ्या मागच्या पत्रातही काहीतरी अडकल्यासारखं वाटलं मला. माझ्यावर अजून राग आहे का? मे अखेर दोन दिवस जमवते, येते.

तुझी नणंद

२९ मे

वहिनी,

दादाचं तेरावं करून मी परत आले त्याला पाच दिवस झाले. पोचल्याचं कळवलं नाही. हात उचलत नव्हता.

तिथे असताना आपण दोघी एका खोलीत झोपत होतो आणि एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, तू माझ्यावर चिडली आहेस, आणि चिडायला तुझ्याकडे कारण होतं. त्याबद्दल आधी लिहिते. आमच्या पोरींना मी पहिल्याच महिन्यात शिकवते की दोन्ही पाय सुजले तर विचार करा, एकच सुजला तर धावा. तू फोनवर "डावी" म्हणालीस. "गरम" म्हणालीस. ज्याला आधी एकदा गाठ होऊन गेलीय त्याच्याबद्दल म्हणालीस. रस्त्यावरच्या माणसाने हे मला सांगितलं असतं तर मी त्याला त्याच पावली दवाखान्यात पिटाळलं असतं. माझ्या भावाला मी उशी दिली. कारण माझ्यापुढे आकडा होता, आणि तो आकडा मला इतका आवडला होता की त्याच्या आड मला पाय दिसला नाही. मी वर्गात जात नाही सध्या. उभं राहून काय शिकवू?

आता दुसरी गोष्ट.

चोवीस तारखेला संध्याकाळी सात वाजता माझा फोन वाजला. "दादा, आज सहा हजार चारशे बारा पावलं. छान." मी भिंतीला धरून उभी राहिले. वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी सात हजार पन्नास. सुरुवात पहाटे पाच पस्तीसला.

मग मी मागचे सगळे दिवस उघडले. मार्चअखेरपासूनचे सगळेच पाच पस्तीसला सुरू होतात. एकोणीस एप्रिलला दादा माझ्याशी कॉम्प्युटरवर तासभर बोलला होता. समोर बसून बोलला, मी त्याचा चेहरा बघत होते. त्या तासात त्याच्या नावावर अकराशे पावलं आहेत. हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, की बघितलं नाही, ते आता मलाही सांगता येत नाही.

मला एकच लिही. दादा किती चालत होता?

६ जून

वन्सं,

तुम्ही विचारलंत, किती. संडासापर्यंत अकरा, जेवायच्या टेबलापर्यंत नऊ, पलंगापर्यंत चौदा. आता मी मोजलीत. एवढंच चालत होते.

सोबत एक जुनं पत्र आहे, दोन एप्रिलचं. त्यात सगळं आहे. उद्या टाकते असं शेवटी लिहिलंय. पेटीपर्यंत नेलंही होतं. पण त्या दिवशी तुमचा परत निरोप आला, नऊ हजार झाले म्हणून, आणि त्यात माझंही नाव घेतलं होतंत. मी पत्र पदराआड धरून परत आणलं आणि दुसरं लिहिलं. एवढ्याशा गोडीसाठी.

पुढे ते गोडीपुरतं राहिलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या नकोत म्हटल्यावर माझा हात दगडाखाली अडकला. आता खरं सांगितलं तर सगळे विचारणार, इतके दिवस काय करत होतीस. म्हणून यंत्र चुकतं असं लिहिलं, तुम्ही या असं लिहिलं. वाटलं, तुम्ही दारात उभ्या राहिलात की तुम्हाला आपोआप दिसेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तेरा हजार होत होती वन्सं, कारण मीच थांबेनाशी झाले होते. भीती वाटली की चालायची. घरात काम उरलं नाही तरी चालायची.

सहा मेला तुम्ही फोनवर "एवढा चाललाय तर दुखणारच" म्हणालात तेव्हा मी बोलणार होते. "वन्सं, ते चालणं" इथपर्यंत आले. यांनी समोरून हाताने खूण केली, नको म्हणून. शाळेतल्या मुलासारखं तोंड केलं होतं. मी गप्प बसले. पण ती त्यांची चूक म्हणून सांगत नाही. ते जेवून झोपले, त्यानंतरची सगळी दुपार माझी होती. फोन माझ्याच खिशात होता, आणि तुमचा नंबर त्यातच होता.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका, असं मी लिहायला हवं. लिहवत नाही. तुम्ही डावा पाय ऐकला नाहीत, ही तुमची चूक मला हवी आहे. एवढीशी का होईना, कुणीतरी उचला. सगळी एकटीने उचलवत नाही. आणि तुम्ही उचललीत म्हणून माझी कमी होत नाही, तेही कळतं. यांना बत्तीस मजल्यांत पाणी कुठे तुंबेल ते बरोबर सांगता यायचं. घरात आम्ही दोघं, आणि दोघांनी मिळून एका पायाकडे बघितलं नाही.

फोन अजून माझ्या खिशात आहे. टेबलावर ठेवला की चाळीस मिनिटांनी वाजतो, आणि ती बाई पाय मोकळे करू या म्हणते. बंद करता येतो. बंद केला नाही, कारण मग या घरात मला हाक मारणारं काहीच उरत नाही. तुम्हाला तो आकडा जात असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला भिंत धरावी लागली, त्याची शरम वाटते.

क्षमा मागत नाही. तुम्ही करू नका. यापुढे मला पत्रही लिहू नका, असं म्हणणार होते, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता आठ मेची, त्या शेवटच्या दुपारची हकीकत. कुणालाच सांगितलेली नाही. डॉक्टरांना म्हटलं, नेहमीसारखे बसले होते.

दुपारी चार वाजता ते उठले आणि स्वतः बूट काढून आणले. डावा जाईना, तर नाडी पूर्ण सोडून घातला. मला म्हणाले, "दे तो फोन. कोपऱ्यापर्यंत जातो. माझी स्वतःची किती होतात ते एकदा तिला कळू दे. फार झालं हे." चेष्टा करत नव्हते. सकाळी दम लागत होता, त्याने घाबरले असतील, किंवा नुसतीच लाज वाटली असेल. मला वाटतं, लाज वाटली होती. संध्याकाळी तुम्हाला फोन करून सगळं सांगायचं, असंही म्हणाले.

मी म्हटलं, "वन्संनी तीन दिवस बाहेर जायचं नाही म्हणून सांगितलंय."

म्हणाले, "तिने ते कुणाच्या पावलांवरून सांगितलंय?"

मी म्हटलं, "बसा हो. परवा जा."

का म्हटलं ते महिनाभर शोधते आहे. तुमचं सांगणं अक्षरशः पाळलं की आपण तेवढ्यापुरत्या तरी खऱ्या ठरतो, असं काहीतरी मनात होतं. इतके दिवस तुम्हाला फसवत होते, निदान ही एक गोष्ट तरी तुमच्या शब्दाप्रमाणे होऊ दे. ते उभे होते वन्सं, बूट घालून उभे होते. मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, बूट सोडले, पाय उशीवर ठेवला. ते कॉम्प्युटरकडे वळले. बत्तिसावा मजला होता.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. कॉम्प्युटर बंद पडला, आणि आतून हाक आली, "अगं, उघड." मी स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत चकरा सुरू केल्या. नव्वदच्या आसपास आले असेन, आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वाटलं, पाणी घ्यायला उठले. मी थांबले नाही. मध्ये थांबलं की ते पहिल्यापासून मोजतं. दीडशे पूर्ण केली, आणि मग आत गेले.